माजी आमदार परत येताहेत. मी त्यांच्या व्यासपीठावर बसू का?

पत्र:

‘मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका गावात पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य आहे, दुसऱ्यांदा निवडून आले. पक्षाची बूथप्रमुखही आहे. आमचे माजी आमदार दोनदा निवडून आले होते, एकदा मंत्रीही झाले. त्यांच्या एका माणसाने सरकारी नोकरी लावतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले. तक्रार झाली, आरोपपत्रात साहेबांचेही नाव आले. खटला अजून उभा आहे. मागच्या वेळी पक्षाने तिकीट नाकारले, ते अपक्ष लढले आणि पडले. आता पक्षाने त्यांना परत घेतले आहे आणि २०२७ला तेच उमेदवार असे सगळे धरून चालले आहेत.

आमच्या वाड्यावरच्या दोन घरांनी त्या माणसाला पैसे दिले होते. एका आईने त्यासाठी पाटल्या मोडल्या. पुरावा म्हणून तिच्याकडे शाळेच्या वहीचे एक पान आहे, त्यावर तारीख, रक्कम आणि खाली दोन अक्षरे. नोकरी नाही, पैसेही नाहीत.

तालुका अध्यक्ष म्हणतात, महिला मेळाव्यात साहेबांचे स्वागत तू कर आणि स्वयंसाहाय्य गटांच्या बायकांना घेऊन ये. सासरे म्हणतात, धाकट्याला नोकरी त्यांनीच लावली, एक पैसा न घेता. उपकार विसरू नये. नवऱ्याचा ट्रक आहे, तो म्हणतो कशाला वाईट व्हायचे. मलाही वाटते, माणूस चुकतो, त्याला एक संधी द्यायला नको का? जत्रेला आले तेव्हा मला वाकून नमस्कार केला. गाडीत पुढच्या सीटवर तोच माणूस होता. काय करू?’

ताई,

तिकीट, आरोपपत्र, मेळावा हे सगळे नीट लिहून झाल्यावर तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे, की गाडीत पुढच्या सीटवर तोच माणूस होता. तुमच्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य मला तेच वाटते, आणि माझे उत्तर मी तिथूनच सुरू करते.

साहेब आजवर काय सांगत आले असतील ते आपण दोघी ओळखू शकतो: मला यातले काही ठाऊक नव्हते, माझ्या नावावर दुसऱ्याने पैसे खाल्ले. हे खरे असू शकते. न्यायालयाने अजून त्यांना दोषी ठरवलेले नाही, त्यामुळे मीही ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. पण ज्याच्या नावावर दुसऱ्याने लोकांना लुबाडले, तो माणूस काय करील? सगळ्यात आधी त्या लुबाडणाऱ्याला गाडीतून खाली उतरवील. ज्यांचे पैसे गेले त्यांच्या घरी जाऊन म्हणेल, माझ्या नावाने तुम्हाला फसवले, तुम्ही तक्रार करा, मी तुमच्या बाजूने साक्ष देतो. इतकी वर्षे झाली, त्या दोन घरांत साहेब एकदाही गेल्याचे तुमच्या पत्रात नाही. जत्रेला मात्र आले, आणि आले ते त्याच माणसाला पुढे बसवून. तुमच्या वाड्याला त्यातून काय समजायचे?

संधी द्यावी का, असे तुम्ही विचारता. माणसाला परत यायला वाव असावा असे माझे मत आहे, राजकारणातसुद्धा. पण ही संधी देणारे कोण, याचा विचार करा. पक्षाचे काय गेले होते? एक जागा, तीही कदाचित. तालुका अध्यक्षांचे काही गेले नाही, तुमचे आणि माझेही नाही. गेले ते त्या दोन घरांचे. माफ करायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. तुम्ही व्यासपीठावर उभे राहून हार घातलात, तर त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता, तुम्ही माफी देऊन टाकता. आणि पक्षाला तुमच्याकडून नेमके हेच हवे आहे. स्वागत तर कोणीही करील. तुम्ही त्या वाड्यावरच्या आहात आणि पाटल्या मोडणारी बाई तुमच्या ओळखीची आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून हार तुमच्याच हातून हवा.

तुम्ही विचारले नाही, पण मेळाव्याच्या आधी तुम्हाला माहीत असायला हवे म्हणून कायद्याचे थोडे सांगते. नुसत्या आरोपपत्रामुळे कोणी निवडणुकीला अपात्र ठरत नाही. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ८व्या कलमाखाली दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, तर माणूस अपात्र होतो आणि सुटल्यावरही सहा वर्षे उभा राहू शकत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला तर शिक्षा दोन वर्षांहून कमी असली तरी अपात्रता येते. पूर्वी अपील दाखल करून आमदार-खासदार खुर्चीवर टिकून राहत, ती वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस खटल्यात बंद केली. पण हे सगळे दोषी ठरल्यानंतरचे. तोपर्यंत साहेब उभे राहू शकतात, आणि ‘कायद्याने अडवले नाही ना’ हे वाक्य तुम्हाला मेळाव्याच्या तयारीत ऐकावे लागेल.

त्याला तुमच्याकडे उत्तर आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांवर एक बंधन घातले. फौजदारी खटला चालू असलेल्या माणसाला उमेदवारी दिली, तर ती का दिली आणि खटले नसलेला दुसरा कोणी का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करायची: एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, एका राष्ट्रीय वर्तमानपत्रात, शिवाय पक्षाच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालत नाही. पात्रता आणि कामगिरी सांगावी लागते. बिहारच्या २०२०च्या निवडणुकीत हे नीट पाळले नाही म्हणून न्यायालयाने पुढच्या वर्षी मोठमोठ्या पक्षांना दंड केला होता. उमेदवारालाही आपल्यावरचे खटले शपथपत्रात लिहावे लागतात आणि प्रचाराच्या काळात तीनदा जाहीर करावे लागतात. तेव्हा तालुका समितीच्या बैठकीत शांतपणे एक प्रश्न विचारा: उद्या ती जाहिरात आपल्या वर्तमानपत्रात छापून येईल, तेव्हा त्यात आपण कोणते कारण लिहिणार आहोत? बूथवर लोक मला विचारतील, मला आत्ताच सांगून ठेवा. आणि हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. यात बंडखोरी कसलीच नाही. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याला हे विचारायचा हक्क आहे.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण पत्रात ती ओळीओळीत आहे.

गोव्यात विधानसभेचे मतदारसंघ चाळीस आणि २०२२मध्ये मतदार होते साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे एका आमदाराला तीसेक हजार मतदार, आणि चौरंगी-पंचरंगी लढतीत दहा-बारा हजारांत माणूस निवडून येतो. २०२२मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. साखळीत खुद्द मुख्यमंत्र्यांचे मताधिक्य ६६६ होते. एवढ्या लहान मतदारसंघात ज्याच्या पाठीशी स्वतःची चार-पाच हजार मते आहेत, त्याला कोणताही पक्ष फार दिवस बाहेर ठेवत नाही. साहेब का परतले, याचे उत्तर या हिशेबात आहे. कोणाचे मतपरिवर्तन झाले म्हणून हे घडलेले नाही. पण याच हिशेबाने तुमच्या बूथवरच्या पन्नास बायकांनाही तितकाच भाव आहे. तुम्हाला दुखावणे त्यांना परवडत नाही. तुम्ही स्वतःला जितक्या हतबल समजता तितक्या नाही आहात.

आणि ‘लोक विसरतात’ असे कोणी म्हणाले तर त्याला २०१९ची आठवण करून द्या. त्या वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. दोनतृतीयांश असल्यामुळे पक्षांतरबंदी कायद्याच्या कचाट्यातून सुटले. पण २०२२च्या निवडणुकीनंतर त्या दहांपैकी तिघेच विधानसभेत दिसले. गोव्याचा मतदार बोलत नसेल, पण तो सगळे विसरतो असे मानणारे बरेचजण घरी बसले आहेत.

पंचायतीची कामे अडतील, ही धास्तीही तुम्हाला असेल. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या निशाणीवर होत नाही. तुम्ही पंच आहात त्या वाड्याच्या मतांवर. पक्ष तुमचे बूथप्रमुखपद काढू शकतो, पंचपद नाही. अविश्वास ठराव येतो तो सरपंच आणि उपसरपंचावर. वित्त आयोगाचा निधी पंचायतीला मिळतो तो कोणा माजी आमदाराच्या खिशातून येत नाही. एखादे गटार, एखादा पथदीप मुद्दाम रखडवला जाईल का? जाईलही. ते मी नाकारत नाही. तसे झाले तर वाड्याची मागणी ग्रामसभेत मांडा, ठरावात घ्या आणि पाठपुराव्याची पत्रे जपून ठेवा. दोन महिन्यांनी कोणी म्हणाले की तुमच्या पंच बाईंनी भांडण केले म्हणून काम अडले, तर दाखवायला कागद हवा.

सासऱ्यांचे मात्र हलक्यात घेऊ नका. त्यांच्या पिढीची निष्ठा कुठून आली ते मी समजू शकते. १९६३च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बहुजन समाजाच्या हाती सत्ता दिली आणि सिंहाची निशाणी घराघरात पोचली. भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, मान खाली घालणाऱ्या घरांतली मुले गावच्या मराठी प्राथमिक शाळेत जाऊन बसली. ज्याने शाळा दिली त्याच्याशी इमान राखायचे, हे त्या माणसांनी मनापासून पाळले आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण शाळा सगळ्या गावासाठी होती. नोकरी एका घराला मिळाली. तुमच्या दिराला ती फुकट मिळाली असेल; ती ज्या यादीतून मिळाली त्याच यादीसाठी शेजारणीने पाटल्या मोडल्या. दीर कदाचित लायकही असेल, पण जागा मोजक्या होत्या आणि त्या कोणाला द्यायच्या हे कोणा एकाने घरी बसून ठरवले. सासऱ्यांशी बोलताना हे असे तोंडावर मारू नका. त्यांना विचारा: ‘बाबा, त्या घरी चवथीला आपण माटोळी बघायला जातो, या वर्षी तिच्या दारात उभे राहून मी काय बोलू?’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधलेली फळा-फुलांची सजावट.) त्यांना उत्तर सुचले नाही तरी चालेल, प्रश्न पोचला पाहिजे. साहेबांचा उपकार त्यांना फेडायचा असेल तर त्यांनी त्यांना मत द्यावे, मेळाव्यात पहिल्या रांगेत बसावे. तो त्यांचा हक्क आहे. पण त्या उपकाराची फेड तुमच्या तोंडून होऊ नये.

आणखी एक. मेळाव्यात नवीन नोकऱ्यांचे आश्वासन दिले गेले, तर तिथल्या तिथे ओळखा. गोव्यात २०१९च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला, आता भरती संगणकावरच्या परीक्षेतून होते. तरीही २०२४च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारी राज्यभर एकामागून एक बाहेर आल्या, कारण ‘आपला माणूस आत आहे’ यावर अजून लोकांचा विश्वास आहे. तुमच्या गटातल्या बायकांच्या मुली बारावी, बी.कॉम. झालेल्या असतील. त्यांना आयोगाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवायला सांगा, अर्ज भरायला मदत करा. साहेबांच्या स्वागतापेक्षा तुमच्या हातून हे काम होणे त्यांना किती तरी अधिक लाभाचे आहे.

आता तुम्ही काय करावे ते सांगते.

तालुका अध्यक्षांना सांगा की साहेब आमच्या वाड्यावर यायचे असतील तर मेळाव्याच्या आधी त्या दोन घरी यावेत. दिवसाढवळ्या, पुढारी-छायाचित्रकार न घेता, आणि त्या माणसाला सोबत न आणता. घरात बसून त्यांचे ऐकून घ्यावे. पैसे कोणी घेतले हे ठाऊक असेल तर तपासात सांगावे, आणि त्यांचे पैसे परत मिळण्यासाठी काय करणार ते त्या कुटुंबांना स्पष्ट सांगावे. हे झाले तर पुढे बोलू, नाही तर स्वागत माझ्या हातून होणार नाही. एवढेच बोला. लांबवू नका, कारणे देत बसू नका, व्हॉट्सअॅपच्या गटावर एक शब्द लिहू नका. समोरासमोर बोला आणि बोलताना तिसरे कोणी तरी जवळ असू द्या.

देवळात नारळ ठेवून शपथ घेतो, असे साहेब म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही अशी शपथ पणजीच्या महालक्ष्मी देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात घेतली होती. निवडून आले अकरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. देवाला या व्यवहारात ओढण्याची काही गरज नाही. त्या घराचा उंबरठा जवळ आहे, तिथे जावे.

पैशाच्या मध्ये तुम्ही पडू नका, हे मी हात जोडून सांगते. रक्कम तुमच्या हातातून जाऊ देऊ नका, कोणाच्या वतीने पाकीट घेऊ नका, ‘मिटले’ अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. चालू फौजदारी खटला असा घरात बसून मिटत नाही, आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा ठपका उद्या तुमच्यावर यायचा. त्या दोन घरांचीही एक अडचण आहे, जी ती कदाचित तुम्हाला बोलून दाखवत नसतील. २०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. दबावाखाली दिली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच सूट आहे. त्यांचे प्रकरण फसवणुकीचे आहे की लाच दिल्याचे, हे ठरवणे तुमचे-माझे काम नाही. तोंड उघडण्याआधी त्यांनी वकिलाला भेटावे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या आईला तिथे घेऊन जा. वहीचे पान जपून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायला सांगा. त्याची छायाप्रत कोणा पुढाऱ्याला देऊ नये.

स्वयंसाहाय्य गटांच्या बायकांना मात्र पक्षाच्या कोणत्याच मेळाव्याला गट म्हणून नेऊ नका, याच्याही नाही आणि विरोधकाच्याही नाही. त्या बचत करतात, एकमेकींच्या भरवशावर बँकेचे कर्ज फेडतात. त्यांच्यात वेगवेगळ्या पक्षांची घरे असणार. ज्यांना जायचे त्या आपल्या पायांनी जातील.

साहेबांनी अट मानली नाही, आणि मला वाटते मानणार नाहीत, तर बूथप्रमुखपद सोडा. दोन ओळींचे पत्र द्या: वैयक्तिक कारणास्तव ही जबाबदारी पुढे सांभाळू शकत नाही. पक्ष सोडायची गरज नाही, दुसऱ्या पक्षात तर मुळीच जाऊ नका. लोक म्हणतील हिलाही तिकडून काही मिळाले. पंच म्हणून काम करत राहा. नवऱ्याला सांगा की तुम्ही कोणाशी भांडला नाहीत, फक्त एका जागी उभे राहायला नकार दिलात. ट्रकच्या कामाची त्याची काळजी खोटी नाही. २०१८ला खाणी बंद पडल्यावर दारात उभे राहिलेले ट्रक तुमच्या तालुक्याने पाहिले आहेत, त्यामुळे कोणाला दुखवायला तो घाबरणारच. म्हणून निर्णय त्याला आधी सांगा, गावातून त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

आणि साहेब खरोखरच आले, त्या घरी बसले, त्या माणसाला दूर केले, तर? तर मग त्या आईला विचारा. ती म्हणाली की आता माझे काही म्हणणे नाही, तर मेळाव्याला जा, हार घाला, मन लावून काम करा. मला त्यात काही गैर वाटणार नाही. ती गप्प राहिली तर थांबा. भीतीनेही माणूस गप्प राहतो.

हे सगळे करण्याआधी त्या दोन घरी तुम्ही स्वतः जा. त्यांचे नाव तुम्ही अध्यक्षांपुढे घेणार आहात, आणि ते घेऊ की नको हे आधी त्यांनाच विचारायला हवे. नको म्हणाले तर नाव न घेता, फक्त ‘माझ्याकडून होणार नाही’ एवढेच सांगा. या रविवारीच जा. मेळाव्याची निमंत्रणपत्रिका छापायला गेली की त्यावर तुमचे नाव असेल, आणि छापलेले नाव मागे घेणे फार जड जाते.